सुई नेमकी कुणाविषयी बोलते?

१. सायकलच्या दुकानातला खडू

सायकलचे चाक वाकडे फिरायला लागले की दुकानदार ‘आउट काढून देतो’ म्हणतो. त्याची रीत नीट बघण्यासारखी असते. सायकल उलटी उभी करून तो चाकाला झटका देतो, हात काट्याला टेकवून स्थिर करतो आणि बोटांत धरलेला खडू रिमच्या अगदी जवळ नेतो. रिमचा जेवढा भाग बाहेर आलेला असतो तेवढ्यावरच खडूची रेघ उमटते. मग त्या भागातल्या एका बाजूच्या तारा सैल, दुसऱ्या बाजूच्या ताठ, आणि पुन्हा झटका. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: ज्याच्याभोवती चाक फिरते तो अक्ष, फिरणारी रिम आणि जागचा न हलणारा खडू. तिघांपैकी एकाचीही ओळख चुकली की रेघेचा अर्थ चुकतो. उदाहरणार्थ, चाकाच्या बेअरिंगमध्येच खेळ असेल तर रिम अगदी सरळ असूनही खडू लागत राहील, आणि दुकानदार तारा पिळत बसला तर चांगली रिम बिघडवून ठेवेल.

लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावून त्याला डायल इंडिकेटर टेकवणे म्हणजे हेच काम, फक्त खडूच्या जागी मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारी सुई. जॉब फिरताना त्याचा पृष्ठभाग अक्षापासून जेवढा आतबाहेर होतो त्याला रनआउट म्हणतात. वर्कशॉपमध्ये ‘जॉब आउट फिरतोय’ एवढेच म्हणतात. नवशिका टर्नर, जुना लेथ विकत घ्यायला निघालेला छोटा कारखानदार आणि सुटा भाग नापास होऊन परत आलेला पुरवठादार असे तिघेही एकच प्रश्न विचारतात: सुई चार घरे हलली, म्हणजे लेथ गेला का? या प्रकरणात सांगायचे आहे ते असे की त्या चार घरांवरून लेथविषयी काहीही ठरत नाही. सुई एका वेळी अनेकांच्या चुकांची बेरीज दाखवते. ती बेरीज सोडवायची रीत ठाऊक असेल तरच तो आकडा कामाचा. नाहीतर त्याच्या जोरावर चांगला चक, म्हणजे जॉब धरणारी पकड, भंगारात जातो आणि खरा दोष मशीनमध्येच राहतो.

या प्रश्नाचे बंगळूरशी जुने नाते आहे. शहराच्या पूर्व अंगाची मारतहळ्ळी आज आयटी कंपन्या, कपड्यांची दुकाने आणि रिंग रोडवरची गर्दी यांसाठी ओळखली जाते. नोकरीनिमित्त इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुले लेथ बघतील ती बहुधा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी, वर्कशॉपच्या तासाला. पण या वस्तीच्या शेजारीच जुन्या विमानतळाची धावपट्टी आहे आणि तिच्या कडेला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचे कारखाने. त्या कारखान्याची सुरुवात डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत केली. तेव्हा नाव हिंदुस्तान एअरक्राफ्ट होते. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, तुंगभद्रेच्या काठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना उभा राहिला आणि तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपांत गेले. १९५३ मध्ये बंगळूरच्याच जालहळ्ळीत हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, स्विस कंपनी ओर्लिकॉनच्या साहाय्याने सुरू झाली. विमान, लेथ आणि लेथ घडवणारे कारखाने अशा साखळीत हे शहर वाढले, म्हणून सुईचा प्रश्न इथे विचारणे अगदी जागच्या जागी आहे.

२. घड्याळातून आलेले यंत्र

डायल इंडिकेटर उघडला तर आत घड्याळच दिसते. खालून बाहेर आलेली दांडी, म्हणजे प्लंजर, वर सरकली की तिच्या अंगावरचे दाते एका छोट्या गिअरला फिरवतात, तो मोठ्या गिअरला, तो पुन्हा छोट्याला, आणि शेवटच्या गिअरच्या दांड्यावर सुई बसवलेली असते. नेहमीच्या डायलमध्ये प्लंजर १ मिमी सरकला की सुईचा एक पूर्ण फेरा होतो, आणि तबकडीवर १०० घरे असतात. म्हणून एक घर म्हणजे ०.०१ मिमी, वर्कशॉपच्या भाषेत दहा मायक्रॉन. सुई मध्यापासून टोकापर्यंत २२ मिमी धरली तर एका फेऱ्यात तिचे टोक सुमारे १३८ मिमी चालते. प्लंजरचा एक मिलिमीटर सुईच्या टोकाला जवळजवळ १४० पट मोठा होऊन पोचतो, म्हणूनच डोळ्याला कधीही न दिसणारे ०.०१ मिमी तबकडीवर जवळजवळ दीड मिलिमीटर होऊन दिसते. तुलनेसाठी, झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे कागदाच्या जाडीचा दहावा भाग इथे एका घरात मावतो.

अमेरिकेतील वॉल्थम हे गाव घड्याळांसाठी प्रसिद्ध होते, आणि याच गावच्या जॉन लोगनने १८८३ मध्ये अशा मापकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. बारीक दात्यांचे गिअर कापणारे हात तिथे आधीच तयार होते. बंगळूरात क्रम उलटा झाला: लेथ घडवणाऱ्या एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे काढली. अचूक मशीन आणि अचूक घड्याळ ही एकाच कौशल्याची दोन रूपे आहेत असे मला वाटते, आणि डायल इंडिकेटर त्या दोघांच्या बरोबर मध्ये उभा आहे.

दुसरा प्रकार लिव्हरचा. त्याला प्लंजरऐवजी एक बारीक, गोल टोकाचा काटा असतो. आपल्याकडच्या वर्कशॉपांत त्याला ‘पपी डायल’ म्हणतात. बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, आत, अडचणीच्या जागी तोच शिरतो. मात्र त्याची एक अट आहे. काटा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टेकला पाहिजे. तो ३० अंशांनी तिरका असेल तर सुई ०.१० दाखवते तेव्हा खरी हालचाल ०.०८७ असते, ६० अंशांनी असेल तर फक्त ०.०५. दारासमोर सरळ उभे राहून बघणे आणि कोपऱ्यातून तिरके बघणे यात दाराची रुंदी जशी वेगळी दिसते तसेच हे आहे. घाईत वाकडा लावलेला पपी अशा रीतीने चांगल्या जॉबला नापास करतो.

३. सुई दुप्पट बोलते

समजा, गोल सळई चकात पकडली आणि तिचा मध्य लेथच्या अक्षापासून ०.१५ मिमी बाजूला राहिला. फिरताना एका बाजूला पृष्ठभाग ०.१५ ने जवळ येतो, अर्ध्या फेऱ्यानंतर ०.१५ ने दूर जातो. सुई एकूण ०.३० फिरते. म्हणजे सुईची पूर्ण हालचाल ही मध्याच्या सरकण्याच्या दुप्पट असते. हे साधे गणित न कळल्यामुळे वर्कशॉपमध्ये जेवढा वेळ वाया जातो तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच जात असेल.

चार जबड्यांच्या चकात, म्हणजे फोर जॉ चकात, जॉब ट्रू करताना ते असे दिसते. लेथ बंद, गिअर न्यूट्रलला, चकची किल्ली काढून बाजूला ठेवलेली. मॅग्नेटिक स्टँड हत्यार सरकवणाऱ्या कॅरेजवर चिकटवून डायल अक्षाच्या उंचीवर, प्लंजर अक्षाकडे रोखून लावायचा, आणि अर्धा फेरा दाब द्यायचा, नाहीतर पृष्ठभाग दूर जाताना टोक हवेत सुटते. पहिला जबडा डायलसमोर आणून तबकडी फिरवून शून्य सुईखाली आणायचा. मग चक हाताने हळू फिरवायचा. सुई दहावर जाते, वीसवर जाते, समोरचा तिसरा जबडा आला की तिसावर थांबते आणि परत फिरते. इथे नवशिका सुई तिसावरून शून्यावर येईपर्यंत तिसरा जबडा आवळतो आणि जॉब तितकाच दुसऱ्या बाजूला आउट करून ठेवतो. जाणता कारागीर पहिला जबडा किंचित सैल करतो, तिसरा आवळतो आणि सुई पंधरावर आली की हात थांबवतो. पुन्हा फिरवले की पहिल्यासमोरही पंधराच्या आसपास दिसते. मग दुसरा आणि चौथा. दोन-तीन फेऱ्यांत सुई एका घरात येते, आणि ती ज्या शांतपणे एका रेघेभोवती थरथरत उभी राहते ते दृश्य खरोखर सुंदर असते.

४. एका आकड्यात किती जणांच्या चुका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन जबड्यांच्या चकात सळई पकडली, डायल लावला आणि सुई ०.०४ हलली. हे ०.०४ आले कुठून? चकातील तिन्ही जबडे एकाच सर्पिल चकतीवर, म्हणजे स्क्रोलवर, बसलेले असतात. एकाच मापाचे जॉब वर्षानुवर्षे पकडले की ती चकती त्याच जागी झिजते. मग २५ मिमीच्या सळईला आउट दाखवणारा चक ६० मिमीला बऱ्यापैकी ट्रू धरतो. दुसरे, सळई स्वतः गोल नसेल. गिरणीतून आलेली काळी सळई थोडीफार अंडाकृती आणि वाकडी असतेच. तिसरे, स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्ये खेळ असेल. चौथे, चक ज्या तोंडावर बसतो तिथे लोखंडाचा एक बारीक किस अडकला असेल. आणि पाचवे, डायलचा स्टँडच हलत असेल. या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन तबकडीवर एकच आकडा उमटतो. किराण्याच्या बिलाची फक्त शेवटची बेरीज बघून तेल महागले की तूरडाळ, हे जसे सांगता येत नाही, तसेच ०.०४ वरून लेथ गेला हे सांगता येत नाही.

पण सुई आकड्याखेरीज आणखी एक गोष्ट दाखवते आणि तिकडे फारच थोडे लोक बघतात: एका फेऱ्यात ती किती वेळा वर जाते. चक एकदा पूर्ण फिरवला आणि सुई एकदाच चढून एकदाच उतरली, तर मध्य सरकलेला आहे. जॉब गोल आहे, पण जागेवर नाही. सुई दोनदा चढली-उतरली तर जॉब अंडाकृती आहे आणि जबडे कितीही हलवले तरी ती हालचाल जाणार नाही. तीनदा चढली तर संशय तीन जबड्यांच्या दाबावर घ्यावा. आणि सुई प्रत्येक फेऱ्यात वेगळ्याच जागी चढत असेल, तर बेअरिंगचा खेळ किंवा सैल स्टँड यांच्याकडे वळावे. स्टँडची शहानिशा करणे सोपे आहे. बोटाने प्लंजर पाच वेळा उचलून सोडायचा. सुई पाचही वेळा त्याच रेघेवर परत आली तर स्टँड निर्दोष. बेअरिंगसाठी चकाखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलून बघतात. जॉब न फिरवताच सुई हलली, तर तेवढा भाग मशीनच्या खात्यात.

आणखी एक भेद जागेवरून कळतो. जबड्यांजवळ सुई ०.०४ हलते आणि तिथून १०० मिमी पुढेही ०.०४ च, तर सळई अक्षाला समांतर राहून बाजूला सरकली आहे. पण पुढे ०.१४ दाखवत असेल, तर ती तिरकी बसली आहे. अर्धे करण्याचा नियम लावा: जबड्यांजवळ मध्य ०.०२ ने सरकलेला, पुढे ०.०७ ने, म्हणजे दर १०० मिमीला ०.०५ चा तिरकेपणा. शेवटच्या आचक्यातल्या भोवऱ्यासारखी ती सळई डुलते आहे. इथे जबडे आवळणे-सोडणे व्यर्थ. पुढच्या टोकाला प्लास्टिकच्या हातोडीने टिचकी मारून सळई सरळ करावी लागते. डायल एकाच जागी लावून मोकळे होणाऱ्याला हे कधीच कळत नाही, आणि माझ्या मते एकाच ठिकाणचे वाचन ही रनआउट तपासण्यातली सर्वांत मोठी चूक आहे.

५. उलटे लावून पाहण्याची युक्ती

स्पिंडल स्वतः किती खरा आहे हे बघायचे तर चक काढून टाकतात आणि स्पिंडलच्या निमुळत्या भोकात घासून अचूक केलेली लोखंडी दांडी, टेस्ट मँड्रेल, बसवतात. पण मँड्रेलही माणसानेच केलेली वस्तू. ती कशावरून निर्दोष? इथे एक जुनी आणि फार हुशार युक्ती उपयोगी पडते. स्पिंडलवर आणि मँड्रेलवर खडूने एकेक खूण करायची, खुणा जुळवून वाचन घ्यायचे. मग मँड्रेल काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायची आणि दुसरे वाचन घ्यायचे.

समजा, पहिल्यांदा सुई ०.०३ हलली आणि उंच बाजू स्पिंडलच्या खुणेकडे होती. मँड्रेल उलटी केल्यावर सुई ०.०१ हलली आणि उंच बाजू अजूनही स्पिंडलच्याच खुणेकडे राहिली. पहिल्या वेळी दोघांच्या चुका एकाच दिशेला होत्या, म्हणून त्यांची बेरीज दिसली. दुसऱ्या वेळी एकमेकांविरुद्ध होत्या, म्हणून वजाबाकी. बेरीज ०.०३ आणि वजाबाकी ०.०१, तर स्पिंडलचा वाटा ०.०२ आणि मँड्रेलचा ०.०१. शाळेतल्या दोन समीकरणांएवढेच हे गणित. सदोष मँड्रेलने घेतलेल्या दोन वाचनांतून स्पिंडलचा खरा दोष हाती लागला, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत समाधान देणारे पाऊल वाटते. प्रत्यक्षात दोन चुका नेहमी अशा नेमक्या एका रेषेत नसतात, म्हणून पाव-पाव फेऱ्याने चार वाचने घेतात. तत्त्व मात्र हेच.

६. मग मोजायचेच कशाला?

इथे अनुभवी टर्नर एक रास्त आक्षेप घेईल. चक ०.१० आउट असला तरी एकदा कट मारला की जॉब स्पिंडलच्या अक्षाभोवती गोलच येतो. हत्यार जागेवर आहे, जॉब अक्षाभोवती फिरतो आहे, वर आलेला भाग कापला जाणारच. मग चकाचा आउट मोजण्यात वेळ कशाला घालवायचा? आक्षेप पूर्ण खरा आहे. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणात लाकडी खेळणी याच भरवशावर होतात. लाकूड एकदा पकडले, कापले, फिरत्या लाकडावरच लाख चढवली, आणि शेवटी खेळणे कापून वेगळे केले. त्या कारागिराला डायलची गरज नाही, कारण त्याचे सगळे काम एकाच पकडीत संपते. धातूच्या बुशचेही, म्हणजे पोकळ नळकांड्याचेही, तसेच: बाहेरचा व्यास आणि आतला बोअर एकाच पकडीत केला तर ते एकमेकांशी जुळलेलेच असतात, चक कितीही झिजलेला असो.

पण यातच उत्तरही आहे. चकाची चूक जॉबमध्ये उतरते ती जॉब काढून दुसऱ्यांदा पकडताना. बुश उलटा करून दुसरे तोंड करायचे, आधी केलेल्या बोअरवर नवा व्यास बसवायचा, अर्धवट काम उद्या पुढे न्यायचे, अशा प्रत्येक वेळी जुना अक्ष आणि नवा अक्ष यांच्यातले अंतर जॉबमध्ये कायमचे कोरले जाते. म्हणून डायलचा खरा उपयोग कामाच्या आरंभी नव्हे, दुसऱ्या पकडीला असतो. आणि त्यावरून पहिला उपाय सुचतो तो चक बदलण्याचा नाहीच: जेवढे जमेल तेवढे एकाच पकडीत करा. तेही जमत नसेल तर सॉफ्ट जॉ, म्हणजे कडक न केलेले जबडे, त्याच लेथवर त्याच मापाला बोअर करून घ्या. जबड्यांची पकड स्पिंडलच्याच अक्षाभोवती कापली गेल्याने त्या मापापुरती झिजलेल्या स्क्रोलची चूक बाजूला पडते.

दुसरा आक्षेप सीएनसीवाल्यांचा. आता सगळे कॉम्प्युटर करतो, सुई कशाला? कॉम्प्युटरला हत्याराची जागा ठाऊक असते. जॉब जबड्यांत कसा बसला आहे याची त्याला कल्पना नसते. वाकडा पकडलेला जॉब तो अत्यंत अचूकपणे वाकडा कापतो. उलट सीएनसीवर हायड्रॉलिक चकाचा दाब जास्त असल्याने एक वेगळीच अडचण वाढते. पातळ रिंग तीन जबड्यांनी दाबली की तीन ठिकाणी आत जाते, बोअर त्या दबलेल्या अवस्थेत अगदी गोल होतो, डायल लावला तर सुई हलतही नाही. जबडे सोडले की रिंग मोकळा श्वास घेते आणि बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. मायक्रोमीटरसारख्या समोरासमोर दोन ठिकाणी मोजणाऱ्या साधनाला तो दोष नीट दिसत नाही, कारण एका बाजूचा फुगवटा समोरच्या खोलगटपणाशी जुळतो. म्हणजे सुई स्थिर आहे यावरूनही सगळे ठीक असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. जबडे सोडून, रिंग दुसऱ्या रीतीने हलकेच धरून पुन्हा वाचन घेतले तर सुई फेऱ्यात तीनदा चढते आणि गुपित बाहेर येते.

तिसरे म्हणणे असे की आकडे दाखवणारे डिजिटल डायल आल्यावर सुईचे काय काम? लांबी मोजायला डिजिटल उत्तम. रनआउटसाठी मात्र मी सुईच्या बाजूने आहे. सुई कुठे चढली, किती वेळा चढली, सावकाश की झटक्याने, हे डोळ्याला एका नजरेत कळते. भराभर बदलणाऱ्या आकड्यांतून ते वाचणे कठीण.

७. किती चालेल?

बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये मशीन टूल कसे तपासावे याचे पुस्तक काढले आणि कुठे डायल लावायचा, किती हालचाल चालेल याचे तक्ते दिले. ज्यू असल्याने १९३३ नंतर त्यांना जर्मनी सोडावी लागली. १९४९ मध्ये ते इंग्लंडमध्ये वारले. पण नव्या लेथसोबत येणारा चाचणीचा तक्ता आजही त्यांच्याच मार्गाने जातो. सर्वसाधारण लेथसाठी स्पिंडलच्या तोंडाशी मँड्रेलवर ०.०१ मिमी आणि तिथून ३०० मिमी पुढे ०.०२ मिमी, ही त्या तक्त्यांतली ओळखीची मर्यादा. वरच्या उदाहरणातला स्पिंडलचा ०.०२ चा वाटा तोंडाशी निघाला असेल तर तो या मर्यादेच्या बाहेर. ३०० मिमीवर निघाला असेल तर काठावर पास. एकच आकडा, जागा बदलली की निकाल वेगळा.

तक्ता मशीनसाठी झाला. जॉबची मर्यादा त्याच्या कामावरून ठरते. उसाच्या चरकाच्या लाटेला ०.१० आउट कुणी विचारणार नाही. मारतहळ्ळीशेजारच्या कारखान्यात १९५७ मध्ये सुरू झालेल्या इंजिन विभागाने मारुत या लढाऊ विमानासाठी ऑर्फियस जेट इंजिने बनवली; १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेल्या मारुतमध्ये अशी दोन इंजिने असत. अशा कामात ०.०१ ची किंमत काय, हे एका हिशेबाने कळते. १० किलोची एक चकती मिनिटाला १०,००० फेरे घेते आहे आणि तिचा वजनाचा मध्य अक्षापासून फक्त ०.०१ मिमी सरकला आहे असे धरा. फिरताना ती बेअरिंगला बाहेरच्या दिशेने साधारण ११० न्यूटन, म्हणजे ११ किलो वजनाएवढा धक्का देते, आणि तो धक्का सेकंदाला १६६ वेळा सगळीकडे फिरत राहतो. फेरे दुप्पट केले की धक्का चौपट. अशा चकतीवर सुई दोनच घरे हलली असती, आणि चरकाच्या लाटेवर त्या दोन घरांकडे कुणी पाहिलेही नसते.

८. न फिरणारी सेंटरे

शाफ्टसारखे लांब जॉब दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या ६० अंशी शंकूच्या भोकांत टोके रोवून, फिरवतात. लेथवर हेडस्टॉकचे, म्हणजे स्पिंडलच्या बाजूचे, सेंटर स्पिंडलसोबत फिरते. ते सेंटर ०.०१ आउट असेल तर शाफ्टही तेवढाच आउट कापला जातो, आणि शाफ्ट उलटा लावला की ती चूक सुईवर उघडी पडते. म्हणून जुने टर्नर हेडस्टॉकला मऊ लोखंडाचे सेंटर लावून महत्त्वाच्या कामाआधी ते जागेवरच कापून घेत: ज्या अक्षाभोवती फिरायचे त्याच अक्षाभोवती टोक.

ग्राइंडिंग मशीनवर हा प्रश्न मुळातूनच मिटवला आहे. तिथे दोन्ही सेंटरे स्थिर असतात, फिरतो तो फक्त शाफ्ट, आणि त्याला ओढणारा दांडा बाहेरून लागतो. स्पिंडलच फिरत नाही, तर त्याची चूक शाफ्टमध्ये शिरायला वाटच उरत नाही. असा घासलेला शाफ्ट काढून, उलटा करून, पुन्हा लावला तरी डायलची सुई त्याच रेघेजवळ राहते. हललीच, तर ऑपरेटर आधी शाफ्ट खाली घेतो, सेंटरच्या दोन्ही भोकांत फडक्याचे टोक पिळून आतला किस काढतो, तेलाचा थेंब सोडतो आणि मग पुन्हा डायल लावतो.